वीज आत, प्रकाश बाहेर: अतिनील एलईडीच्या पारदर्शक इलेक्ट्रोडची गोष्ट

२६५ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेला अतिनील प्रकाश जंतूंच्या डीएनएवर थेट घाव घालतो. डीएनएच्या साखळीत शेजारी शेजारी बसलेले थायमिनचे घटक या प्रकाशाने एकमेकांना चिकटतात आणि जंतूला स्वतःची नक्कल करणे जमेनासे होते. पाणी, हवा, शस्त्रक्रियेची उपकरणे यांच्या निर्जंतुकीकरणासाठी हा गुण अनेक दशके वापरात आहे. मात्र त्यासाठी लागणारा प्रकाश आजही मुख्यतः पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून येतो. हा दिवा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देतो आणि घेतलेल्या विजेपैकी साधारण एक तृतीयांश विजेचे रूपांतर त्या प्रकाशात करतो. अडचण पाऱ्याची आहे. पारा विषारी असल्याने त्याचा वापर घटवण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि २०१७ पासून तो अमलात आला.

पाऱ्याच्या दिव्याची जागा घेण्यासाठी एलईडी सर्व बाजूंनी योग्य वाटतो. त्यात पारा नाही, तो क्षणात पेटतो, नखाएवढ्या जागेत मावतो आणि हवी ती तरंगलांबी निवडायची मुभा देतो. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याच नायट्राईड कुळातला हा अतिनील एलईडी. निळा एलईडी मिळालेल्या विजेचा अर्ध्याहून अधिक भाग प्रकाशात बदलतो. जंतुनाशक अतिनील एलईडी मात्र बहुतेक वेळा काही टक्क्यांवरच अडकतो. बाकीची वीज उष्णता होऊन जाते.

इतके नुकसान कुठे होते? स्फटिकातले दोष, आतल्या आत परावर्तित होऊन अडकणारा प्रकाश, अशी बरीच कारणे आहेत आणि प्रत्येकावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. मी इथे एकाच थराबद्दल लिहिणार आहे. एलईडीच्या माथ्यावरच्या त्या पातळ थराला एकाच वेळी वीज आत सोडायची असते आणि प्रकाश बाहेर जाऊ द्यायचा असतो. त्याला पारदर्शक वाहक इलेक्ट्रोड म्हणतात. दृश्य प्रकाशासाठी हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. अतिनील प्रकाशासाठी तो अजून सुटलेला नाही, आणि तो का सुटत नाही हे समजून घेताना पदार्थविज्ञानाचा बराच गाभा हाती लागतो.

माथ्यावर इलेक्ट्रोड पसरावाच का लागतो

एलईडीत दोन प्रकारचे अर्धवाहक थर असतात. एन-थरात फिरते इलेक्ट्रॉन भरपूर असतात. पी-थरात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, वीज वाहून नेतात. दोघांच्या मधल्या अतिशय पातळ भागात इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र आले की प्रकाश निर्माण होतो. अतिनील एलईडीत हे थर ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राईडचे असतात आणि ते नीलमाच्या स्फटिकावर वाढवतात. नीलम अतिनील प्रकाशाला पारदर्शक आहे, पण तो विजेचा निरोधक आहे. त्यामुळे खालून वीज देता येत नाही आणि दोन्ही जोडण्या वरच्याच बाजूने कराव्या लागतात.

आता पी-थराकडे पाहू. गॅलियम नायट्राईडमध्ये होल निर्माण करण्यासाठी मॅग्नेशियम मिसळतात. पण मॅग्नेशियमच्या अणूकडून होल सुटायला साधारण ०.१७ ते ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा लागते आणि खोलीच्या तापमानाला उपलब्ध औष्णिक ऊर्जा असते फक्त ०.०२६. परिणामी शंभर मॅग्नेशियम अणूंमागे एखादाच होल मोकळा होतो. ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढवले की ही ऊर्जा आणखी वाढते. शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राईडमध्ये ती अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही पुढे जाते आणि मोकळे होल जवळजवळ उरतच नाहीत.

पातळ थराचा रोध मोजताना त्याच्या एका चौरस तुकड्याचा रोध मोजतात आणि त्याला शीट रेझिस्टन्स म्हणतात. दोन मायक्रोमीटर जाडीच्या चांगल्या एन-थरासाठी हा आकडा काही दशक ओहम असतो. शंभर नॅनोमीटरच्या पी-थरासाठी तो लाख ओहमच्या घरात जातो. म्हणजे पी-थरावर एका कोपऱ्यात धातूचा ठिपका ठेवून वीज दिली तर ती आडवी पसरतच नाही, ठिपक्याच्या खालीच उतरते. प्रकाशही नेमका त्या ठिपक्याखालीच तयार होतो आणि ठिपकाच त्याची वाट अडवतो. म्हणून पी-थराच्या संपूर्ण पृष्ठभागावर वीज पसरवणारा, तरीही प्रकाश न अडवणारा थर हवा.

दृश्य प्रकाशासाठी काम करणारे उत्तर

पारदर्शक आणि तरीही विजेचा वाहक, हे दोन गुण एकत्र येणे निसर्गात सहसा घडत नाही. काच पारदर्शक असते पण वीज वाहत नाही. तांबे वीज वाहते पण प्रकाश परतवते. ही जोडी पहिल्यांदा १९०७ साली कार्ल बेडेकर या जर्मन संशोधकाच्या हाती आली. त्याने कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला, तेव्हा त्याचे ऑक्साईड झाले आणि तो थर पारदर्शकही होता, वाहकही होता. आज सर्वत्र वापरला जाणारा पदार्थ म्हणजे इंडियम टिन ऑक्साईड, तंत्रज्ञांच्या तोंडी आयटीओ. वजनाने सुमारे ९० टक्के इंडियम ऑक्साईड आणि १० टक्के टिन ऑक्साईड. मोबाइलचा टचस्क्रीन, टीव्हीचा पडदा, कितीतरी निळे एलईडी यांच्यावर हाच थर असतो. दोनशे नॅनोमीटर जाडीच्या चांगल्या आयटीओचा शीट रेझिस्टन्स दहा ओहमच्या आसपास येतो आणि दृश्य प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग त्यातून पार होतो.

आयटीओ हे कसे साधतो, हे नीट पाहिले की अतिनील प्रकाशातली त्याची अडचण आपोआप कळते. घन पदार्थात इलेक्ट्रॉनना ऊर्जेचे ठरावीक पट्टे उपलब्ध असतात. खालचा पट्टा इलेक्ट्रॉननी भरलेला, वरचा रिकामा, आणि मध्ये एकही जागा नसलेले अंतर. या अंतराला बँडगॅप म्हणतात. येणाऱ्या फोटॉनची ऊर्जा बँडगॅपपेक्षा कमी असेल तर तो इलेक्ट्रॉनला खालून वर उचलू शकत नाही आणि आरपार निघून जातो. ऊर्जा जास्त असेल तर शोषला जातो. फोटॉनची ऊर्जा काढणे सोपे आहे. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की ती इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. हिरव्या प्रकाशाची सुमारे २.३, जांभळ्याची साधारण ३.१. इंडियम ऑक्साईडमध्ये प्रकाश जोरात शोषला जायला सुरुवात होते ती साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे. म्हणून सगळा दृश्य प्रकाश निसटतो.

वीज वाहण्यासाठी वरच्या पट्ट्यात थोडे इलेक्ट्रॉन लागतात. ते काम टिन करते. इंडियमच्या जागी बसलेला टिनचा अणू एक जादा इलेक्ट्रॉन देतो. अशा रीतीने एका घन सेंटिमीटरमध्ये १ वर २० ते २१ शून्ये इतके इलेक्ट्रॉन भरता येतात. धातूत असतात त्याच्या शंभरावा ते दहावा हिस्सा. शिवाय इंडियमच्या अणूभोवतीची ज्या कक्षेत हे इलेक्ट्रॉन राहतात ती कक्षा मोठी आणि गोलाकार असते. शेजारच्या अणूंच्या कक्षा एकमेकींवर सहज चढतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन फारसे न अडखळता सरकतात.

यात एक सुंदर उपफायदा आहे. नाट्यगृहात पुढच्या रांगा भरल्या असतील तर नंतर येणाऱ्याला मागच्या रांगेपर्यंत जावे लागते, तसे वरच्या पट्ट्यातल्या तळाच्या जागा आधीच भरलेल्या असल्याने खालून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला जास्त उंच उडी मारावी लागते. म्हणजे डोपिंग (टिनसारखे बाहेरचे अणू मिसळणे) वाढवले की पदार्थ किंचित अधिक ऊर्जेपर्यंत पारदर्शक राहतो. बर्स्टीन आणि मॉस यांनी १९५४ मध्ये हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले. आयटीओची पारदर्शकता चार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास पोहोचवण्यात या परिणामाचा मोठा हात आहे.

अतिनीलमध्ये शिरताना

आता २६५ नॅनोमीटरला त्याच सूत्रात बसवा. १२४० भागिले २६५ म्हणजे सुमारे ४.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आयटीओची मर्यादा इथे स्पष्टच ओलांडली गेली. नेहमीच्या जाडीचा आयटीओ या प्रकाशातला बराचसा भाग गिळून टाकतो. ३८५ किंवा ४०० नॅनोमीटरच्या एलईडीला तो चालतो, ३६५ ला थर पातळ करून कसाबसा निभावतो, ३२० च्या खाली त्याचा विचार सोडावा लागतो. ॲल्युमिनियम मिसळलेले झिंक ऑक्साईड हा स्वस्त पर्याय तर त्याच्याही आधी गळतो, कारण झिंक ऑक्साईडचा बँडगॅप ३.३ आहे.

काही टक्के शोषणाने काय बिघडते, असे वाटू शकते. १९७६ साली हाके या संशोधकाने पारदर्शक वाहकांची तुलना करण्यासाठी एक मोजमाप सुचवले, ते अजून वापरात आहे: पारगमनाचा (थरातून पार होणाऱ्या प्रकाशाच्या वाट्याचा) दहावा घात भागिले शीट रेझिस्टन्स. दहावा घात ऐकायला टोकाचा वाटतो, पण त्याचा परिणाम पाहा. ९० टक्के प्रकाश सोडणाऱ्या थराऐवजी ८० टक्के सोडणारा घेतला तर गुण साधारण एक तृतीयांशावर येतो. एलईडीच्या बाबतीत ही कडक शिस्त मला योग्य वाटते, कारण आतला प्रकाश बाहेर पडण्यापूर्वी अनेकदा वर-खाली आपटतो. इलेक्ट्रोडमधून तो एकदाच जात नाही, आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा कमी होत जातो.

सरळ उपाय सुचतो: आणखी रुंद बँडगॅपचा पदार्थ घ्यावा. गॅलियम ऑक्साईडचा बँडगॅप ४.८ च्या आसपास आहे, म्हणजे २६० नॅनोमीटरपर्यंत तो स्वच्छ. २००० साली तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या होसोनो यांच्या गटाने टिन मिसळलेल्या गॅलियम ऑक्साईडचा थर तयार केला आणि खोल अतिनीलमध्ये पारदर्शक वाहक शक्य आहे हे दाखवून दिले. त्याची वाहकता प्रति सेंटिमीटर एक सीमेन्स होती. शोध म्हणून हे मोठे पाऊल होते. पण हिशेब केला तर दोनशे नॅनोमीटरच्या अशा थराचा शीट रेझिस्टन्स पन्नास हजार ओहम येतो, आयटीओच्या पाच हजार पट. पुढे सिलिकॉन मिसळून आणि उत्तम स्फटिकावर थर वाढवून ही वाहकता शेकडो पटीने सुधारली गेली. तरी त्यासाठी लागणारे तापमान आणि स्फटिकाची शुद्धता एलईडीच्या माथ्यावर मिळवणे वेगळेच.

बँडगॅप रुंदावला की वाहकता का रुसते? वरचा पट्टा ऊर्जेने जितका वर जातो, तितका त्यात इलेक्ट्रॉन टिकवून ठेवणे स्फटिकाला महाग पडते. मिसळलेल्या अणूचा इलेक्ट्रॉन मोकळा होण्याऐवजी त्याच अणूपाशी अडकून राहतो, किंवा स्फटिक स्वतःच असे दोष निर्माण करतो की जे ते इलेक्ट्रॉन गिळून टाकतात. गॅलियमची कक्षा इंडियमपेक्षा लहान असल्याने शेजारच्या कक्षांचे चढणेही कमी होते. पारदर्शकता आणि वाहकता या दोन गुणांची ओढाताण इथे सर्वात उघडपणे दिसते. याच वाटेवर स्ट्रॉन्शियम स्टॅनेट, म्हणजे स्ट्रॉन्शियम, टिन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे. त्याचा बँडगॅप चारच्या वर आहे आणि टिनची मोठी कक्षा कामी येत असल्याने लँथेनम मिसळल्यावर वाहकता बरीच चांगली येते.

इतर दोन-तीन प्रयत्नांवरून लवकर पुढे जाऊ. निकेल आणि सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर हा नायट्राईड एलईडीचा सर्वात जुना इलेक्ट्रोड. पी-थराशी त्याची जोडणी छान होते, पण अतिनील प्रकाशाचा मोठा भाग तो खातो. चांदीच्या नॅनोतारांची जाळी दृश्य प्रकाशात झकास, मात्र दोन तारांमधली जागा रिकामी असल्याने तिथे वीज पोहोचवायला पुन्हा एक वाहक थर हवाच. ग्राफीनची कथा जरा वेगळी आहे. दृश्य प्रकाशात त्याचा एकच अणुथर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो. पण त्याच्या इलेक्ट्रॉनच्या रचनेत ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्टला शोषणाचे शिखर आहे, म्हणजे सुमारे २७० नॅनोमीटर. तिथे हा आकडा दहा टक्क्यांच्या जवळ जातो. जंतुनाशनासाठी ज्या तरंगलांबीची सर्वाधिक गरज, नेमकी तीच ग्राफीनला गैरसोयीची.

धातूच पारदर्शक झाला तर

मला या विषयात सर्वात जास्त आवडणारा भाग आता येतो. आतापर्यंत आपण निरोधकापासून सुरुवात केली आणि त्यात इलेक्ट्रॉन घुसवले. उलट बाजूने गेलो तर? धातू घ्यावा, ज्यात इलेक्ट्रॉन मुबलक आहेतच, आणि त्याला पारदर्शक करावे.

धातू चकाकतो कारण त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन येणाऱ्या प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर हेलकावतात आणि त्याला परतवून लावतात. पण या हेलकाव्यांना वेगाची मर्यादा असते. प्रकाशाची वारंवारता एका ठरावीक मूल्यापलीकडे गेली की इलेक्ट्रॉन मागे पडतात, प्रतिसाद देऊ शकत नाहीत आणि प्रकाश आत शिरतो. या मूल्याला प्लाझ्मा वारंवारता म्हणतात. १९३३ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सोडियम, पोटॅशियम अशा अल्कली धातूंचे पातळ थर करून पाहिले, तेव्हा दृश्य प्रकाशाला चकाकीने परतवणारे हे धातू अतिनील प्रकाश सोडतात असे दिसले. पोटॅशियम साधारण ३१५ नॅनोमीटरच्या खाली, सोडियम २१० च्या खाली. हवा लागताच बिघडणाऱ्या या धातूंचा इलेक्ट्रोड कोणी करणार नाही, पण तत्त्व तिथेच सिद्ध झाले.

प्लाझ्मा वारंवारता दोन गोष्टींवर ठरते. इलेक्ट्रॉनची घनता जितकी जास्त तितकी ती वर जाते आणि इलेक्ट्रॉन जितके जड तितकी खाली येते. आयटीओत घनता कमी ठेवलेली असल्याने ही मर्यादा अवरक्तात राहते. घनता धातूइतकीच ठेवून इलेक्ट्रॉनना जड करता आले तर? स्वतंत्र इलेक्ट्रॉनचे वस्तुमान बदलत नाही हे खरे, पण काही पदार्थांत इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके जोरात ढकलतात की प्रत्येकाची हालचाल इतरांमुळे अडते आणि तो नेहमीपेक्षा दोन-तीन पट जड असल्यासारखा वागतो. अशा पदार्थांना सहसंबंधित धातू म्हणतात. २०१६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या रोमन एंगेल-हर्बर्ट यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम व्हॅनेडेट आणि कॅल्शियम व्हॅनेडेट (व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन असलेली, धातूसारखी वागणारी संयुगे) हे असे धातू दृश्य प्रकाशासाठी पारदर्शक वाहक म्हणून दाखवले. फक्त काही नॅनोमीटर जाडीचा थर पुरतो, कारण वाहक मुळातच धातूइतके असतात.

व्हॅनेडेटचे अडते ते दुसऱ्या टोकाला. ऑक्सिजनच्या भरलेल्या पट्ट्यातून व्हॅनेडियमच्या पट्ट्यात उडी मारायला लागणारी ऊर्जा फार नसल्याने निळ्या प्रकाशाच्या पुढे शोषण सुरू होते. २०२० मध्ये त्याच विद्यापीठाच्या आणि सहकारी गटांच्या कामात व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम आले. नायोबियमचा पट्टा ऑक्सिजनच्या पट्ट्यापासून अधिक वर असतो, त्यामुळे स्ट्रॉन्शियम नायोबेटमध्ये ही उडी अतिनीलमध्ये खोलवर ढकलली गेली. २६० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हा थर प्रकाशही सोडतो आणि वीजही उत्तम वाहतो.

इथे एक गोष्ट सहज सुटते. स्ट्रॉन्शियम नायोबेट मुळात तांबूस रंगाचे असते, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या लाल टोकाला ते परावर्तक आहे. डोळ्यांनी पाहून कोणी त्याला पारदर्शक म्हणणार नाही. पण अतिनील एलईडीला दृश्य प्रकाशाशी काय देणेघेणे? त्याला हवी आहे फक्त स्वतःच्या तरंगलांबीभोवतीची अरुंद खिडकी. टचस्क्रीनच्या सवयीमुळे आपण पारदर्शक म्हणजे डोळ्याला पारदर्शक असे समजत आलो. ती अट काढली की पदार्थांची एक नवीन यादीच शोधायला मोकळी होते. माझ्या मते या संशोधनाचा हा सर्वात फलदायी विचार आहे.

अडचणी आहेतच. नायोबियमला पाच इलेक्ट्रॉन सोडून बसायला आवडते, इथे त्याला चारवर थांबवायचे असते. ऑक्सिजन थोडा जरी जास्त मिळाला तरी धातूचे निरोधकात रूपांतर होते. म्हणून हा थर जवळजवळ ऑक्सिजनविरहित निर्वातात वाढवावा लागतो आणि नंतरही त्याचा पृष्ठभाग हवेपासून जपावा लागतो.

खरा अडसर सांध्यात

नवीन पारदर्शक वाहकाची बातमी येते तेव्हा दोन आकडे हमखास असतात, पारगमन आणि शीट रेझिस्टन्स. ते बहुधा नीलमावर किंवा अन्य स्वच्छ स्फटिकावर मोजलेले असतात. एलईडीला मात्र तिसराच आकडा बुडवतो: इलेक्ट्रोड आणि पी-थर यांच्या सांध्याचा रोध.

होल आत पाठवायचा म्हणजे प्रत्यक्षात पी-थराच्या भरलेल्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन बाहेर काढून इलेक्ट्रोडमध्ये घ्यायचा. गॅलियम नायट्राईडमध्ये हा पट्टा निर्वाताच्या पातळीपासून सुमारे साडेसात इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली आहे. इलेक्ट्रोडमधल्या इलेक्ट्रॉनची पातळी किती खाली आहे हे त्याच्या वर्क फंक्शनवरून कळते. आयटीओचे साडेचार ते पाच, आणि धातूंमध्ये सर्वात वरच्या ओळीतल्या प्लॅटिनमचे साडेपाचच्या थोडे पुढे. म्हणजे कोणताही इलेक्ट्रोड लावला तरी सांध्यावर मोठी अडवणूक राहणारच. ॲल्युमिनियम वाढवले की भरलेला पट्टा आणखी खाली जातो आणि अडवणूक आणखी वाढते. रुंद बँडगॅपचे ऑक्साईड हे जवळजवळ सगळे एन-प्रकारचे, इलेक्ट्रॉनचे वाहक आहेत. होल वाहणारा, पारदर्शक आणि खोल अतिनीलमध्ये चालणारा चांगला पदार्थ अजून हाती नाही.

या अडवणुकीची किंमत व्होल्टमध्ये मोजावी लागते. २६५ नॅनोमीटरच्या फोटॉनला ४.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणून एलईडीला ४.७ व्होल्ट पुरायला हवेत. सांध्याच्या रोधामुळे ते सहावर गेले तर पाचव्या हिश्श्याहून जास्त ऊर्जा प्रकाश निर्माण होण्याआधीच संपते. शिवाय ती तिथेच उष्णता होऊन एलईडीचे आयुष्य कमी करते.

सांधा सुधारण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे माथ्यावर मॅग्नेशियम ठासून भरलेल्या गॅलियम नायट्राईडचा थर देणे. त्याने विजेची अडवणूक बरीच कमी होते. पण गॅलियम नायट्राईडचा बँडगॅप ३.४, म्हणजे ३६५ नॅनोमीटरच्या खालचे सगळे तो शोषतो. ढोबळ हिशेबाने शंभर नॅनोमीटरचा असा थर २६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग एका फेरीत खातो, आणि दहा नॅनोमीटरचा थरही सुमारे १८ टक्के. त्यावर जगातला सर्वोत्तम पारदर्शक इलेक्ट्रोड ठेवला तरी त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचतोच किती? इलेक्ट्रोडचा प्रश्न एकट्याने सुटत नाही तो यामुळे. खालचा थर आणि वरचा थर एकत्रच आखावे लागतात.

म्हणून बरेचसे उत्पादक वरून प्रकाश काढण्याचा नाद सोडतात. चिप उलटी बसवतात आणि नीलमाच्या बाजूने प्रकाश घेतात. वरच्या बाजूला गेलेला अर्धा प्रकाश मात्र गॅलियम नायट्राईडच्या थरात संपतो. २०१७ मध्ये रिकेन संस्थेच्या हिरायामा आणि पॅनासॉनिकमधल्या सहकाऱ्यांनी हा थर काढून टाकला, त्याजागी पारदर्शक पी-प्रकारचा ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राईड घेतला आणि वर ऱ्होडियमचा आरसा-इलेक्ट्रोड बसवला, म्हणजे वर गेलेला प्रकाश परत खाली येतो. प्रकाश बाहेर काढण्याच्या इतर सुधारणांसह २७५ नॅनोमीटरला बाह्य क्वांटम कार्यक्षमता २० टक्क्यांवर गेली, म्हणजे आत गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनमागे वीस फोटॉन बाहेर आले. हा मोठा पल्ला होता. त्यातही पारदर्शक पी-थराशी सांधा जोडायची किंमत वाढीव व्होल्टेजच्या रूपाने द्यावी लागलीच.

दोन वाटा याहून वेगळ्या आहेत. कोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲल्युमिनियम नायट्राईडसारख्या पूर्ण निरोधक, पण खोल अतिनीलमध्ये स्वच्छ थरावर तीव्र विद्युतक्षेत्र लावून त्यात बारीक वाहक तंतू तयार केले. संगणकाच्या नव्या प्रकारच्या स्मृती-चिपमध्ये हेच तत्त्व वापरतात. थराचा बहुतेक भाग पारदर्शक निरोधकच राहतो, वीज तंतूंमधून खाली उतरते. तंतू वर्षानुवर्षे तसेच टिकतील का, ही त्यातली कळीची कसोटी.

दुसरी वाट मला जास्त भक्कम वाटते. ती इलेक्ट्रोडचा प्रश्नच बाजूला सारते. पी-थराच्या वर भरपूर डोप केलेला पी आणि एन असा पातळ सांधा घडवायचा, त्याला बोगदा-सांधा किंवा टनेल जंक्शन म्हणतात. उलट दिशेच्या व्होल्टेजखाली पी-बाजूच्या भरलेल्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन मधल्या अडथळ्यातून क्वांटम बोगद्याने एन-बाजूला निसटतो आणि मागे होल सोडून जातो. होल जिथे हवा तिथेच जन्माला येतो, धातूने तो ढकलावा लागत नाही. माथ्यावर आता येतो एन-प्रकारचा ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राईड, जो पारदर्शकही आहे आणि आडवी वीजही नीट पसरवतो. एलईडीचाच एक थर पारदर्शक इलेक्ट्रोड होतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिद्धार्थ राजन यांच्या गटाने यात बरेच काम केले आहे. बोगदा पातळ करण्यासाठी मध्ये इंडियम गॅलियम नायट्राईडचा काही नॅनोमीटरचा थर ठेवतात. तो प्रकाश शोषतो, पण इतका पातळ असतो की तोटा आवाक्यात राहतो. सांध्यावर पडणारे जादा व्होल्टेज कमी करत नेणे, हे तिथले चालू काम.

२५० नॅनोमीटरच्या खाली मात्र हीही वाट अरुंद होते. ॲल्युमिनियमचे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले की सिलिकॉन मिसळूनही एन-थराची वाहकता झपाट्याने घसरते, आणि स्ट्रॉन्शियम नायोबेटची खिडकी तर २६० लाच मिटायला लागते. २२२ नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेच्या वरच्या मृत थरापलीकडे फारसा जात नाही, म्हणून माणसांच्या उपस्थितीत निर्जंतुकीकरणासाठी त्याकडे लक्ष लागले आहे. तो आज वायूच्या दिव्यांतून मिळतो. एनटीटी या जपानी दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेने २००६ साली ॲल्युमिनियम नायट्राईडपासून २१० नॅनोमीटरचा एलईडी करून दाखवला होता. त्याची कार्यक्षमता एका टक्क्याचा दहा लाखावा भाग इतकी होती. त्या तरंगलांबीला पारदर्शक राहून पुरेशी वीज वाहणारा इलेक्ट्रोड अजून कोणाकडेच नाही.